हातावरचा काटा

भाई,

काल तेरावं झालं. आज सकाळपासून एकेक करून सगळी मंडळी निघाली आणि दुपारच्या जेवणाला मी आणि वहिनी, दोघीच उरलो. ती आत भांडी आवरतेय. मी पडवीतल्या तुझ्या दगडी बाकावर, सोप्यावर, पाय वर घेऊन बसलेय. दगड थंडगार आहे. तू इथे तासन् तास कसा बसायचास कोण जाणे.

दमलेय रे मी. रडून नाही, रडायला तसा वेळच मिळाला नाही. बोलून दमलेय. येईल तो विचारायचा, 'कसे गेले?' आणि मी सांगायची: ताप आला, छातीत कफ धरला, हॉस्पिटलात नेलं, उपयोग झाला नाही, आठवडासुद्धा लागला नाही. वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शेवटी शेवटी तर, शाळेत दरवर्षी तोच धडा शिकवताना माझा आवाज व्हायचा तसा व्हायला लागला. मुलं जांभया द्यायची तो आवाज.

मग समोरचा माणूस पुढचं वाक्य म्हणायचा. तेही ठरलेलं. 'झटका आला तरी हात गेला नाही हो त्यांचा. शेवटच्या चवथीपर्यंत घुमट वाजवलं. देवाची कृपा.' मी मान हलवायची. हात गेला नव्हता हे खरंच. काय गेलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तू मला आईची शपथ घालून ठेवली होतीस. दोन वर्षं ते एकटीने पोटात ठेवलं मी. त्यानेही दमलेय.

आपल्या लहानपणची ती शर्यत आठवते? चवथीच्या गणपतीला वाड्यावरची, आपल्या वस्तीतली, मंडळी घरोघर आरतीला फिरायची आणि आपण दोघं बाबांच्या मागे. बाबा घुमट वाजवायचे. डावा तळवा मडक्याच्या लहान तोंडावर, उजव्या हाताची बोटं चामड्यावर. आरतीच्या मधे एक जागा यायची. गाणारे ओळ संपवायचे, सगळं एकदम थांबायचं, श्वास घ्यावा इतकाच वेळ, आणि मग सगळी घुमटं, शामेळाचा ढोल, कांसाळ्याच्या झांजा एकदम कोसळायच्या. त्या थांबण्यात आपण दोघं आपापला हात पुढे धरून बसायचो. ज्याच्या हातावर आधी काटा येईल तो जिंकला. तू नेहमी जिंकायचास. तुझ्या हातावरची लव घुमट पडायच्या आधीच उभी राहायची आणि तू माझ्या नाकासमोर हात नाचवून म्हणायचास, "हें पळय!" हे बघ! पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. घरात वीज नव्हती, समईच्या उजेडातही तो काटा दिसायचा.

पुढे मी म्हापशाला कॉलेजात गेले, शास्त्र शिकले, पेडण्याला लग्न होऊन गेले आणि तिथल्या हायस्कुलात मास्तरीण झाले. तू बाबांचं घुमट घेतलंस आणि बार्जवर इंजीन ड्रायव्हर म्हणून लागलास. आमोण्याहून खनिज भरायचं, मांडवीतून वास्कोच्या बंदरात बोटींना नेऊन द्यायचं, रिकामं परत यायचं. इंजिनाच्या धडधडीवर तू रेलिंगवर बोटांनी ठेका धरायचास आणि खलाशी वैतागायचे, ही तूच सांगितलेली गोष्ट. खरी किती, खोटी किती, ते तुलाच माहीत.

मी माहेरी आले की आपलं भांडण ठरलेलं. सुरुवात मीच केली होती, शिकून आल्याचा माज होता थोडा. तुला म्हटलं, तो काटा देवाचा नाही, मेंदूचा आहे. मेंदूत पेशी असतात, एकमेकींना निरोप देतात. गाणं चालू असलं की ऐकणाऱ्या पेशी पुढे काय येणार याचा अंदाज बांधत बसतात. आरती थांबते, त्या ताटकळतात. मग घुमट पडतं आणि दुसऱ्या पेशी, सुखाच्या, एकदम जाग्या होतात. आवडीचं माशाचं हुमण पानात आलं की जाग्या होतात, त्याच.

तू हातातला चहाचा कप खाली ठेवलास. "म्हणजे हुमण आनी आरती एकूच?"

"मेंदूच्या हिशेबाने बरंच काही एकच."

"हुमणाचो वास आयलो की तोंडाक पाणी सुटता. आरतेक डोळ्यांक सुटता. एकूच खंय जालें तें, बाये?"

वहिनी आतून हसली. मग मी चिडून सगळा धडाच सुरू केला, फळ्यासकट. फळा नव्हता म्हणून कोळशाने अंगणात मेंदू काढला. तू शांतपणे बघितलास आणि म्हणालास, बरा फणस काढलास. गाढवापुढे वाचली गीता, असं मी म्हणाले आणि त्यावर आपण जेवायला उठलो.

पण तुझं म्हणणं तू कधी सोडलं नाहीस. देव बसतो त्या थांबण्याच्या जागेत, असं तुझं म्हणणं. आरती सगळी माणसांची, गायचं माणसांनी, वाजवायचं माणसांनी, पण ती श्वासाएवढी रिकामी जागा त्याची. तो येऊन बसला की काटा येतो. 'तुज्यो पेशी म्हणजे फक्त दार उगडपी. येता तो कोण?' आता तू नाहीस म्हणून सांगते, हे वाक्य मी पेडण्याला वर्गात मुलांना सांगितलं होतं. एकाने विचारलं, बाई, परीक्षेत हे लिहिलं तर चालेल का. मी नाही म्हटलं.

आणि ते चामड्याचं प्रकरण. घोरपडीच्या चामड्यावर बंदी आली आणि सगळ्यांनी घुमटांना बकऱ्याचं चामडं चढवलं. तुझी कुरकुर चालूच. नाद मेला, देव आता येणार नाही, बकऱ्याचं बें बें ऐकून कोण येतो. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मग एका दुपारी मी तुझी परीक्षा घेतली. तुला इथेच, ह्याच सोप्यावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं, शर्टाची बाही वर केली आणि शामेळवाल्या दत्तारामला बोलावलं. त्याने आधी बाबांचं जुनं, घोरपडीचं घुमट वाजवलं, मग नवं. काही न सांगता. नव्या घुमटाला तुझ्या हातावर काटा आला. बकऱ्याच्या. दत्ताराम हसून हसून खोकायला लागला आणि तू म्हणालास, "वारो आयलो रे. थंडी लागली माका."

मे महिना होता भाई. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग मेंदूला झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभरात तू चालायला लागलास, बोलायला लागलास, बोटंही चालायला लागली. त्या चवथीला तू घुमट घेऊन बसलास तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी डोळे पुसले. मीही. तू ठेक्यात तसूभरही चुकला नाहीस. उलट सगळे म्हणाले, भाई पहिल्यापेक्षा पक्का वाजवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला धक्क्यावर घेऊन गेलास. खाणी बंद पडून बार्जी तिथे नुसत्या बांधलेल्या होत्या, गंजलेल्या. तुझी जुनी बार्जही होती त्यात. तू तिच्याकडे बघत बोललास, माझ्याकडे नाही.

"बाये, माका सगळें कळटा. सम खंय, ठेको खंय, कोण बेसूर गायता, सगळें. पूण भितर कितेंच जायना."

मला समजलंच नाही आधी. मी विचारलं, ऐकू कमी येतं का.

"आयकुपाक येता मगे. घुमट पडटा, माका कळटा घुमट पडलें. बस्स. पाटकन दार लागलें तर कळटा तशें." मग तू बाही वर केलीस आणि हात माझ्यापुढे धरलास. "काल आरतेच्या वेळार पळेत रावलों. कितेंच ना. देवान हात दवरलो, बाये. हातावेलो कांटो व्हेलो."

हात ठेवला आणि काटाच नेला. तुझा तो गुळगुळीत हात बघून मला जी भीती वाटली ना, ती झटका आला त्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. आणि तू लगेच शपथ घातलीस. कुणाला सांगायचं नाही. दत्तारामला नाही, वहिनीला तर नाहीच. तिला सांगितलं तर ती नवस बोलत सुटेल, आणि मंडळींना कळलं तर ते आपल्याकडे बघत बघत वाजवतील. मी म्हटलं, मग तू वाजवायचं थांबव. तर तू म्हणालास, हात चालतो तोवर थांबवायला कारण काय सांगू?

म्हणून तू वाजवत राहिलास. डोळे मिटून, मान डोलवून. देवळात श्रावणातला सप्ताह बसायचा, भजन दिवसरात्र अखंड, प्रत्येक वाड्याने आपल्या पाळीला पुढे व्हायचं आणि आधीच्यांचा ठेका तुटायच्या आत तो उचलायचा. आपल्या वाड्याचा ठेका उचलायला तूच. मी समोर बसून बघायची. सगळे म्हणायचे, काय रंगलाय भाई. मला तुझ्या ताठ खांद्यांवरून कळायचं, आत काहीच नाही. परत येताना तू स्वतःबद्दल हळूच म्हणायचास, "आतां हांव बार्जीचें इंजीन."

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, तुला न सांगता. त्यांनी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्या पेशी जाग्यावर आहेत, सुखाच्या पेशीही आहेत, दोघींच्या मधली वाट बंद झालेली असावी. असं क्वचित होतं. जेवणाची चव राहते, माणसांची माया राहते, गाण्याचीच तेवढी जाते. परत येईल का, विचारलं. ते म्हणाले, कधी कधी मेंदू दुसरी वाट काढतो, सांगता येत नाही. इतकी वर्षं मी मुलांना मेंदूचा धडा शिकवला, आकृती काढायला लावली, नावं द्यायला लावली. त्या आकृतीत ही वाट नव्हती.

मग मी कंबर कसली. दर आयतवारी पेडण्याहून निघायचं, म्हापशाला बस बदलायची, डिचोलीला बदलायची, गुडघे कुरकुरत आमोण्याला उतरायचं आणि तुझ्या कानाला काहीतरी लावायचं. नाटकातली पदं, किरिस्तांवांच्या लग्नातली बँडबाजाची गाणी, माझ्या नातीच्या फोनवरचं धांगडधिंगा संगीत. तू निमूट ऐकायचास. पिठाच्या गिरणीत पाळीची वाट बघत बसल्यासारखा.

एकदा मी बाबांची कॅसेट आणली. त्यांच्या शेवटच्या चवथीला कुणीतरी भरून ठेवलेली. मला वाटलं, ह्याने तरी होईल. मीच रडायला लागले. माझ्या हातावर काटा आला, तो मी पदराखाली लपवला. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास, "मदीं बाबा खोकल्ले. तरी ठेको सोडलो ना." मग आत हाक मारलीस, चहा झाला का म्हणून. मी कॅसेट पिशवीत घातली. त्या दिवशी बसमध्ये मला कुणी जागा दिली तेही मला कळलं नाही.

शेवटच्या आयतवारी आपण भांडलो. म्हणजे नेहमीसारखेच भांडलो, फक्त ह्या वेळी जागा बदलून. मी म्हटलं, धीर सोडू नको, वाट परत होईल, अजून काहीतरी असेल जे तुला लागेल. तू म्हणालास, पुरे.

"तूंच म्हणतालें न्हय, सगळें पेशींचें म्हणून? मेल्यो पेशी. सोंपलें."

"सगळ्या नाही मेल्या. शेजारच्या जिवंत असतात."

"शेजारी खंय कोणाच्या उपेगाक पडटा?"

हसायला हवं होतं मला, पण राग आला. म्हटलं, आणि तुझा देव? तो बसतो ना त्या जागेत? पेशी मेल्या म्हणून तो येणं बंद करतो का?

तू सोप्यावरची धूळ हाताने पुसलीस. मग म्हणालास, "तो येत आसतलो. हांवूच घरा ना."

तो येतो आणि तूच घरी नाहीस! काय बोलायचं ह्यावर? मी जन्मभर म्हणत आले, सगळं पेशींचं. त्या दिवशी मला तोंड उघडून म्हणायचं होतं की नाही रे, पेशींपलीकडे काहीतरी आहे, असेलच, तुझ्यासाठी तरी असायलाच पाहिजे. आणि मला ते म्हणता येईना, कारण मला ते पटत नव्हतं. तुला पटत होतं ते तुझ्या उपयोगी पडेना आणि मला पटत होतं ते माझ्या. बस चुकेल म्हणून मी उठले. तू इथून, ह्याच सोप्यावरून ओरडलास, "बाये, डबो विसरलें तूं!" वहिनीने दिलेल्या खतखत्याच्या भाजीचा डबा. मी तो घ्यायला मागे आले नाही, पुढच्या आयतवारी नेते म्हटलं. डबा अजून फळीवर आहे, धुवून पालथा घातलेला.

काल तेराव्याला संध्याकाळी मंडळी भजनाला आली. दत्तारामने तुझं घुमट मधे पाटावर ठेवलं, हार घालून. वाजवलं सगळ्यांनी, मन लावून वाजवलं. ती जागा आली, सगळं थांबलं, आणि मग कोसळलं. वहिनी हुंदका देऊन उठून गेली. दत्तारामचे गाल ओले झाले. आणि मला काही झालं नाही भाई. मी हात बघितला. काही नाही. कळलं की घुमट पडलं, बस्स. तू दारासारखं म्हणाला होतास ना, तसंच. थकवा असेल, इतक्या दिवसांची झोप नाही, मेंदूही माणसासारखाच शिणतो. पण त्या एका क्षणात मला समजलं तू दोन वर्षं कुठे बसून वाजवत होतास. माझी तर एक संध्याकाळ होती. मला तुझी इतकी कीव आली, इतकी माया आली, की तिथेच उठून पाटावरचं घुमट छातीशी धरावंसं वाटलं. पण चारचौघांत म्हातारीने कसं करायचं, म्हणून बसून राहिले.

आता मी हे सगळं का लिहितेय ते सांगते. मघाशी जेवताना एक गोष्ट झाली.

आम्ही दोघी समोरासमोर बसलेलो. दोघींनाही भूक नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ताप नक्की कधी चढला त्याला? मी सगळ्यांना सोमवार सांगत होते, पण मी तर इथे मंगळवारी आले.

वहिनीने भात कालवता कालवता सांगितलं. दोडामार्गची तिची बोली इतक्या वर्षांत तू बदलू शकला नाहीस, ते बरं केलंस. "आयतवारी, तू गेल्यार. थंडी भरली हुती तेंका. मी हयच पडवीत तांदूळ निवडीत हुतंय. ते सोप्यार. एकदम माका हाक मारल्यानी आणि हात पुढे केल्यानी. बघतंय तर हातार ह्यो काटो! म्हटलंय, थंडी वाजता. चादर आणून घातलंय हातार."

माझा घास हातातच राहिला.

"हात पुढे केला? काय म्हणाला?"

"म्हणतत, 'हें पळय.' तापात माणूस कायय बोलता गे."

मी तिला विचारलं, तू तेव्हा काय करत होतीस. तांदूळ निवडत होतीस, आणि? ती ओशाळलीच जराशी. मग म्हणाली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत असेन. कसलं काहीतरी? आपली ती आरतीच. चवथीची.

तुला आठवतं का, तिची इथली पहिली चवथ? नवी नवरी हौसेने सगळ्यांबरोबर आरती म्हणायला लागली, आणि ताल चुकली. तू भर आरतीत, सगळ्यांच्या देखत म्हणालास, 'शालन, तूं निरांजन सांबाळ. ताल आमी सांबाळटांव.' सगळे हसले. त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही. सूप हातात असलं आणि जवळपास कुणी नसलं म्हणजे तेवढी गुणगुणायची, तीही कशी, तांदळात खडा दिसला की ओळीच्या मधेच थांबायची, खडा वेचून बाजूला टाकायची आणि मग पुढची अक्षरं. तू इथून ओरडायचास, 'बंद कर गो, ठेको मोडटा!'

"मग ओरडला नाही तो?" मी विचारलं.

"नाय. तांच तर. मी आपला गप झालंय, आता बोल बसतले म्हणून. तर हासत हुते. माका म्हणतत, 'परत म्हण.'"

मी पाणी प्यायले. वहिनी सांगत होती की चादर घातली तरी काटा जाईना, मग रात्री अंग तापलं, मग पुढचं सगळं. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते.

हे बघ, मी शास्त्राची मास्तरीण आहे. तापाचा काटा आणि गाण्याचा काटा, कातडीला दोन्ही सारखेच. लव उभी करणारे स्नायू तेच. त्या संध्याकाळी थंडी होती, पौष महिना आहे, आणि ताप तर आलाच मागून. परीक्षेत कुणी 'गाण्याने' असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुणही दिला नसता.

पण तापाने थंडी भरलेला माणूस पांघरूण मागतो. 'परत म्हण' म्हणत नाही.

आणि मी काय काय आणलं होतं तुझ्यासाठी! म्हापशा-डिचोलीच्या बसगाड्या घासल्या. बाबांना मेलेल्यांतून उठवून आणलं कॅसेटमध्ये. आणि घरात ही बाई सूप घेऊन बसलेली, जिला तू जन्मभर गप्प केलंस. तुझं सगळं इतकं पक्कं होतं रे, इतक्या वर्षांचं पाठ, की पुढे काय येणार ते तुझ्या पेशींना झोपेतही ठाऊक. पण वहिनीला खडा कधी सापडेल ते तुझ्या देवालासुद्धा सांगता आलं नसतं. त्या तिच्या थांबण्यात तुझ्या पेशी पुन्हा ताटकळल्या असतील, असं मी म्हणते. तू म्हणशील, तो येऊन बसला. भांड आता. तू तिथून, मी इथून.

वहिनीला मी सांगणार आहे. शपथ मोडल्याचं पाप लागायचं तर लागू दे, आई समजून घेईल. तिला वाटतंय की तिने तुझ्या तापावर वेळेत औषध केलं नाही, चादर घालून बसली. ते तिने उराशी धरून जगायचं, हे मला चालणार नाही. पण आज नाही. आज तिच्यात ऐकायचं बळ नाही आणि माझ्यात सांगायचं.

भांडी झाली वाटतं तिची. पदराला हात पुसत बाहेर आलीय आणि मी काय लिहितेय ते बघतेय. मी म्हटलं, वहिनी, त्या दिवशीचे तांदूळ निवडायचे राहिले असतील ना? घेऊन ये. मीही बसते. ती म्हणाली, आता कशाला, उद्या बघू. मी म्हटलं, आताच. आणि ती आरतीही म्हण.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माका ताल नाय गे बाय."

"ठाऊक आहे. म्हण."

सूप घेऊन बसली आहे. पहिल्यांदा नुसतेच तांदूळ फिरवले. आता म्हणायला लागलीय, अगदी हळू, बेसूर, दाराकडे बघत, तू ओरडशील अशा भीतीने. मी शालीतून हात बाहेर काढून मांडीवर ठेवलाय, बाही वर करून.

तिला खडा सापडला. ती थांबली आहे. मी वाट बघतेय, भाई.